पुण्यात कुठे राहायचं? चार घरं, एक चौदावा मजला आणि आईचे बारा दिवस

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'बघा' येतं ते थोडं काढलंय, थोडं राहिलंय. चालवून घ्या.

तर विषय असा. दर जूनला मला ठरलेला मेसेज येतो, "दादा, पुण्यात जॉब लागलाय, कुठे राहू?" आणि माझं उत्तरही ठरलेलं असायचं. ऑफिसच्या जवळ राहा, विषय संपला. इंजिनिअरचं उत्तर आहे ना ते, प्रवासाचा वेळ कमी करा की झालं. पण या मार्चमध्ये माझी आई वाघोलीतल्या माझ्या फ्लॅटवर महिनाभर राहायला आली आणि बाराव्या दिवशी बार्शीला परत गेली. भांडण नाही, काही नाही. बॅग भरली आणि म्हणाली, "मला स्वारगेटला सोड." तेव्हापासून माझ्या त्या उत्तरावरचा माझाच विश्वास उडालाय.

आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. मागच्या वर्षी रिटायर झाले. त्यांचा गुडघा दुखतो, आईला शुगर आहे. दोघांनी माझ्याकडे यावं असं दोन वर्षं चाललंय. त्यामुळे 'पुण्यात कुठे राहायचं' हा आता माझ्यासाठी एपिसोडचा विषय राहिलेला नाही, मला स्वतःला तो सोडवायचाय. मी या शहरात चार ठिकाणी राहिलोय. त्या चार घरांतून काय कळलं ते आज सांगतो.

पहिलं घर, म्हणजे घर कसलं, एक कॉट. २०१८, सदाशिव पेठ, पेरुगेटच्या जवळ. माझा मावसभाऊ एमपीएससीची तयारी करायचा. त्याच्या खोलीत एक कॉट रिकामी झाली आणि मी नवी नोकरी घेऊन तिथे पडलो. कॉट बेसिस म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली कॉट मिळते. आमच्या खोलीत पाच कॉट होत्या, माझं भाडं महिना २,५०० रुपये. कॉटखाली ट्रंक, भिंतीवर नकाशा, आणि आंघोळीचा नंबर वयानुसार नाही, तर परीक्षा कुणाची जवळ आलीय त्यावर.

पेठेत राहणं म्हणजे पायांनी जगणं. चहा खाली, मेस समोर, अभ्यासिका पुढच्या गल्लीत, पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. नऊ महिन्यांत मी गाडी घेतली नाही आणि गरजही वाटली नाही. हा योगायोग नाहीये. हा भाग वसला तेव्हा माणसं चालतच होती. कसबा सगळ्यात जुनी, बाकीच्या पेठा नंतर भरत गेल्या. काहींना वारांची नावं, काहींना माणसांची. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणरावांच्या, नाना पेठ नाना फडणविसांच्या. गल्ल्या अरुंद आहेत कारण त्या माणसाच्या आणि फार तर बैलगाडीच्या मापाच्या आहेत. आता त्याच गल्लीत वाडा पडतो, तिथे पाच मजली बिल्डिंग उभी राहते, प्रत्येक फ्लॅटला एक कार आणि दोन टू-व्हीलर. गल्ली मात्र तेवढीच. पेठेतली पार्किंगची भांडणं हा पुणेकरांच्या स्वभावाचा विषय नसून भूमितीचा आहे, असं माझं मत आहे. (स्वभावाचाही थोडा आहे, पण ते असो.)

आणि गणपती! मानाचे पाचही गणपती याच जुन्या भागात. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. लोक बाहेरून दहा दिवस येतात आणि 'काय माहोल आहे' म्हणून जातात. तिथे राहणाऱ्याला त्या आधीचे दोन महिनेही मिळतात, नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो तेव्हापासून. विसर्जनाची मिरवणूक २४ तासांच्या वर चालते. माझ्या पहिल्याच वर्षी त्या दिवशी रात्री माझं प्रॉडक्शन रिलीज होतं. मी कॉलवर म्यूट काढून फक्त "येस, डिप्लॉइड" म्हणालो, आणि पलीकडच्या माणसाने विचारलं, "आर यू सेफ?"

पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांना अजून एक गोष्ट विचारून बघा, १९६१ची. १२ जुलैला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमच्या घरमालक काकू बोलता बोलता हात वर करून पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवायच्या. लाइटबिल नीट न भरल्याबद्दल आम्हाला झापतानासुद्धा एकदा पानशेतचा उल्लेख आला होता. पुण्याच्या विस्ताराच्या गोष्टीत तो पूर महत्त्वाचा आहे. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या आणि बरीच कुटुंबं पेठेतून बाहेर पडली. शहर नदी ओलांडून पश्चिमेकडे सरकतच होतं, त्याला धक्का मिळाला.

दुसरं घर वाकड. ऑफिस हिंजवडीत, म्हणून. चौघांत टू-बीएचके, भाडं २२,०००. इथे मी फार बोलणार नाही, कारण ऐकणाऱ्यांतले निम्मे तिथेच राहत असणार. शुक्रवारी संध्याकाळी वाकड ब्रिजला अख्खा महाराष्ट्र सॅक घेऊन गाडीची वाट बघत उभा असतो आणि रविवारी रात्री परत येतो. म्हणजे तो भाग दर आठवड्याला रिकामा होऊन भरतो. तिथे मला दोन वर्षांत शेजाऱ्याचं नाव कळलं नाही, आणि त्यालाही माझं नाही. आम्ही दोघंही सोमवार ते शुक्रवारचे होतो.

एक गोष्ट मात्र तिथे शिकलो. पत्त्यात 'पुणे' लिहिलं म्हणजे तुम्ही पुणे महापालिकेत राहता असं नाही. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. त्याला लागून असलेल्या हिंजवडीत आयटी पार्क एमआयडीसीचं, आणि मी तिथे नोकरी करत होतो तेव्हा गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे. तीन किलोमीटरच्या रस्त्यात तीन वेगळे मालक. खड्डा पडला की आधी तो कुणाचा ते ठरायचं. पाण्याचंही तसंच. पुणे शहराला पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांतून, पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवनेतून. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. आम्ही चौघं बीटेक, आणि टाकी रिकामी का हे आम्हाला दोन दिवस कळलं नाही. शेवटी वॉचमनने सांगितलं.

मग लॉकडाऊन. मार्च २०२०. दोन दिवसांत फ्लॅटमधले तिघं गावी. मी शेवटी गेलो. फ्रिज रिकामा करून, गॅस बंद करून खाली आलो तर पार्किंगमध्ये चारच गाड्या.

२०२२ला ऑफिसं पुन्हा उघडली तेव्हा मी आणि माझा वाकडचा एक रूममेट मिळून कोथरूड-कर्वेनगर भागात घर शोधायला लागलो. आता जे सांगणार आहे ते भाड्याच्या कुठल्याच अ‍ॅपवर लिहिलेलं नसतं. रूममेट संभाजीनगरचा, मुसलमान. जाहिरात बघून फोन तो करायचा. पहिल्या घरी 'शुद्ध शाकाहारी पाहिजे' म्हणाले. ठीक आहे, तो म्हणाला घरात शिजवणार नाही. मग 'फॅमिलीलाच द्यायचंय' झालं. दुसऱ्या घरी नाव ऐकून 'कालच गेलं हो' म्हणाले. अर्ध्या तासाने त्याच नंबरवर मी फोन केला. घर गेलं नव्हतं. "या की बघायला," म्हणाले. तिसऱ्याही ठिकाणी तेच. चौथा फोन त्याने केलाच नाही. कोंढव्यात नातेवाइकांच्या ओळखीने त्याला फ्लॅट मिळाला आणि पुढे दोन वर्षं तो कोंढवा ते हिंजवडी, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रोज गाडी चालवत राहिला. 'ऑफिसच्या जवळ राहा' हा माझा सल्ला त्याला काय कामाचा होता? आणि मला ते घर मिळालं, मी राहिलो. एकट्याने वन-बीएचके, १५,०००. हे बोलताना अजूनही घसा अडखळतो, पण सोयीचं होतं म्हणून मी ते घर घेतलं, हे खरं आहे.

तर तिसरं घर कर्वेनगर. हे जुनं हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांची संस्था इथे, म्हणून नाव कर्वेनगर. माझी बिल्डिंग तीस-पस्तीस वर्षं जुनी, तीन मजले, १२ फ्लॅट, लिफ्ट नाही. सकाळी ठरावीक वेळी पाणी, की सगळ्या बायका आणि माझ्यासारखे दोन-तीन पुरुष एकदम जागे. मला पहिल्या महिन्यात त्या जिन्याचा वैताग आला होता. कारण जिना चढताना कुणीतरी भेटतंच. "आज उशीर झाला?" "डबा लावलाय का?" "लग्नाचं बघतायत का घरचे?" मी हेडफोन घालून चढायचो.

त्याच जिन्यावर २०२३मध्ये मला डेंग्यू झाला तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंना कळलं. तीन दिवस मी खाली उतरलो नव्हतो, एवढ्यावरून. रिक्षा त्यांनी बोलावली, अ‍ॅडमिट त्यांच्या मुलाने केलं, आणि आईला फोनही त्यांनीच केला, कारण माझ्या 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट'मध्ये मी कंपनीच्या एचआरचा नंबर दिला होता. हुशार माणूस.

मग २०२४ला नोकरी बदलली, ऑफिस खराडीला आलं, आणि मी माझाच सल्ला पाळून वाघोलीत गेलो. चौथं घर. चौदावा मजला, टू-बीएचके, २१,०००. गॅलरीतून रात्री नगर रोडचे दिवे दिसतात, जिम आहे, स्विमिंग पूल आहे. आता आईचे बारा दिवस.

पहिले दोन दिवस तिला फार आवडलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "भाजीवाला किती वाजता येतो?" भाजीवाला येत नाही. गेटवर त्याला सोडत नाहीत. भाजी अ‍ॅपवरून, दहा मिनिटांत दारात. "मग भाव कुणाशी करायचा?" मी हसलो, पण ती चेष्टा करत नव्हती. बार्शीत तिची सकाळ भाजीवालीपासून सुरू होते. दोन रुपये वाचवणं हे निमित्त, पंधरा मिनिटं गप्पा हे काम.

पाचव्या दिवशी ती खाली फिरायला गेली आणि परत येताना चुकून शेजारच्या विंगमध्ये चढली. लॉबी सारखी, लिफ्ट सारखी, दारं सारखी. चौदाव्या मजल्यावर तिने दुसऱ्याच्याच घराची बेल वाजवली. कुणी उघडलं नाही, फक्त दारावरच्या कॅमेऱ्याचा दिवा लागला. त्यानंतर ती एकटी खाली गेली नाही.

मी यावर बराच विचार केला. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत २८० फ्लॅट आहेत, कर्वेनगरला १२ होते. मग इथे माणसं जास्त असून भेटत का नाहीत? मला वाटतं कारण साधं आहे. कर्वेनगरला बाहेर पडायचा एकच रस्ता होता, जिना, आणि तो हळू होता. इथे घरातून लिफ्ट, लिफ्टमधून बेसमेंट, बेसमेंटमधून कार, कारमधून ऑफिस. माणूस दुसऱ्याला दिसावा अशी एकही जागा मध्ये नाही. लिफ्टमध्ये भेटतो, पण लिफ्टमध्ये सगळे मजल्याच्या आकड्याकडे बघतात. गार्डन आहे, पण गार्डनमध्ये मुद्दाम जावं लागतं, आणि परगावच्या, साठीच्या बाईला मुद्दाम कुठे जायचं म्हणजे कारण लागतं. जिन्याला कारण लागत नाही.

आता वाघोलीचं पाणी, कारण हे कुणीच आधी सांगत नाही. वाघोली पुणे महापालिकेत आली २०२१च्या जूनअखेर, २३ गावं एकदम घेतली तेव्हा. टॉवर त्याच्या आधीच उभे होते. आधी घरं, मग रस्ता, मग पाइपलाइन, हा आपल्या शहराच्या कडेचा क्रम आहे. मधल्या वर्षांत टँकर. हिशोब करून बघा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप. २८० घरं, घरटी तीन माणसं, म्हणजे रोज साधारण १ लाख १३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे ११ टँकर. आमच्याकडे उन्हाळ्यात एका टँकरला हजाराच्या आसपास पडतात, म्हणजे महिन्याला तीन लाखांच्या वर. २८० घरांत वाटले तर घरटी बाराशे रुपये फक्त पाण्याचे. भाडं स्वस्त दिसतं ना, त्यात हे मिळवा. आणि टँकर पहाटे पाचला रिव्हर्स घेतो तेव्हाचा तो पीं-पीं आवाज आईने बारा दिवस ऐकला.

सगळ्या नव्या वसाहती अशाच असतात असं मला म्हणायचं नाही. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमीन विकून टाकण्याऐवजी ४०० एकरांच्या वर जमीन एकत्र केली आणि स्वतःच शहर वसवलं. तिथे रस्ते, झाडं, पाणी घरांबरोबर आलं, मागाहून नाही. तिथलं भाडं मात्र मला झेपत नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो. कॅम्प, औंध, विमाननगर इथे मी राहिलेलो नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने बोलू नये.

बरं, तुम्ही घर शोधत असाल तर माझं ऐका. दुपारी बाराला एजंटबरोबर घर बघून हो म्हणू नका. त्या वेळी प्रत्येक घर चांगलं दिसतं. सोमवारी सकाळी नऊला गाडी घेऊन तिथून ऑफिसला जाऊन बघा. मग एकदा रात्री साडेआठला पायी जा. मेडिकलचं दुकान चालत किती लांब आहे ते मोजा. वॉचमनला विचारा, "एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात?" सेक्रेटरी गोल बोलेल, वॉचमन आकडा सांगेल. आणि इस्त्रीवाल्याशी दोन मिनिटं बोला. कुठल्या बिल्डिंगमध्ये भाडेकरू टिकत नाहीत ते त्याला माहीत असतं.

अ‍ॅग्रीमेंटबद्दल एकच गोष्ट, कारण यात फार जण फसतात. '११ महिन्यांचं आहे, रजिस्टर करायची गरज नाही' हे महाराष्ट्रात खोटं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स लेखीच हवं आणि रजिस्टरच हवं, कितीही महिन्यांचं असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. १८,००० भाडं आणि ६०,००० डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांचे पाचशे-सहाशे रुपये, वर रजिस्ट्रेशन फी. घरबसल्या ऑनलाइन होतं. त्यामुळे 'खर्च फार येतो' म्हणणाऱ्या मालकाला हा हिशोब दाखवा.

आता माझं काय ठरलं. आण्णांचं म्हणणं होतं, "आमच्यासाठी तू लांब जाऊ नको." आई काहीच म्हणाली नाही, म्हणजे तिचं काय म्हणणं आहे ते कळलं. मी कर्वेनगरच्या त्याच तळमजल्यावरच्या काकूंना फोन केला. त्यांच्या मागच्या गल्लीत एक टू-बीएचके रिकामा होता, पहिला मजला. आण्णांच्या गुडघ्याला १८ पायऱ्या, मी मोजल्या. पाणी सकाळीच येतं. ऑफिस मात्र आता शहराच्या दुसऱ्या टोकाला. गाडीने सव्वा तास, म्हणून गाडी नळस्टॉपला लावायची, मेट्रोने रामवाडीपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास, पुढे खराडीपर्यंत बस नाहीतर शेअर रिक्षा. रामवाडीपर्यंतचा मार्ग मार्च २०२४मध्ये सुरू झाला नसता तर हे मी ठरवूच शकलो नसतो. दोन आठवडे रोज हा प्रवास करून पाहिला. कधी ६५ मिनिटं, पावसात ९०. वाघोलीहून मला २५ लागायची. म्हणजे दिवसाचा दीड-दोन तास मी घालवतोय, आणि तो मला परवडेल की नाही हे मला अजून माहीत नाही. सहा महिन्यांनी विचारा.

घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी फोनवर आधी आडनाव विचारलं. मी ते सांगितलं आणि मग विचारलं, "आडनावाने काय फरक पडतो?" ते म्हणाले, "सहज." मी एवढंच विचारू शकलो. घर हवं होतं.

छोटा हत्ती येत्या रविवारी सकाळी सातला येतोय. आई-आण्णा पंधरा तारखेला. आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. किचन, गॅलरी, देवघराची जागा, सगळं तिने शांतपणे बघितलं. मग म्हणाली, "तो जिना दाखव." मी फोन घेऊन जिन्यात गेलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या एक आजी पिशवी घेऊन खाली उतरत होत्या. त्यांनी फोनकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "आई का? कुठल्या तुम्ही?" पुढची दहा मिनिटं फोन माझ्या हातात नव्हता.

पुढच्या भागात डिपॉझिट परत कसं मिळवायचं, त्यावर बोलू. वाघोलीच्या मालकांकडून माझं परत आलं तर. भेटू!